उन्हाकडे पाठ

चौसाळ्याहून बीडकडे येताना रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसला, की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. टम्म भरलेले टेम्पो झाडांना घासत जातात आणि काट्यांवर पांढरे पुंजके मागे राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाभळीलाच बोंडं आली. परवा तसंच दिसलं. एका शाळेचं स्नेहसंमेलन उरकून मी परत येत होते. गाडीत मागे दोन स्टँड, वायरींची वेटोळी आणि चार लाइट खडखडत होते. तेवढ्यात फोन वाजला.

पलीकडे एका नाट्यमंडळाचा तरुण दिग्दर्शक होता. "ताई, पुढच्या महिन्यात आमची एकांकिका आहे. लाइट तुम्हीच करायचे." मी आनंदाने हो म्हणणार, तोच त्याचा आवाज जरा खाली आला. "फक्त एक आहे. मुलगी ताकदीची आहे, पण रंगाने जरा काळी आहे. तेवढं लाइटमध्ये सांभाळून घ्या."

"दोन दिवसांत सांगते," म्हणून मी फोन ठेवला, कारण त्या क्षणी जे तोंडात आलं होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. हे वाक्य मी दर हंगामात ऐकते. माणसं बदलतात, गावं बदलतात, वाक्य तेच राहतं. जणू उजेड म्हणजे साबण आहे आणि मी परीट! गाडी बाजूला घेऊन मी खाली उतरले, बाभळीवरचा एक पुंजका काढला आणि बोटांत चोळत उभी राहिले. आत सरकी लागली. आणि तो कॉलेजातला वेचणीचा हंगाम मला जसाच्या तसा आठवला.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. बार्शी नाक्याजवळ अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुचाकीला बांधून लोक आणायचे आणि अब्बा त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार काढून नवी भरायचे. शाळेत होते तेव्हापासून मी त्यांच्यासमोर बसून वेढे मोजायची. चुकले की पहिल्यापासून. त्या दुकानाला वार्निशचा एक वास होता, तो माझ्या दप्तरालाही यायचा. मैत्रिणी नाक मुरडायच्या. मला मात्र तो वास आजही कुठे आला की घरी आल्यासारखं वाटतं.

आमचे विवेकसर मराठी शिकवायचे. त्यांनी त्या वर्षी स्पर्धेसाठी एक एकांकिका लिहिली होती. ग्रामीण रुग्णालयातली एक आया. पाहणीला मोठे साहेब येणार म्हणून तिला सकाळपासून चादरींच्या घड्या घालायला बसवलंय. औषधं नाहीत, डॉक्टर नाहीत, चादरी मात्र कडक पाहिजेत. ती घड्या घालते आणि बोलते. बोलता बोलता त्या चादरींवर कोण कोण झोपलं होतं ते सगळं बाहेर येतं. बाकी चार पात्रं येऊन जाऊन, सगळा भार त्या एकटीवर.

आयाचं काम सुनंदाला मिळालं होतं. सुनंदा लिंबागणेशच्या जवळची, रोज एसटीने यायची. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला मुलगाही उठून बसेल. पहिल्या वाचनालाच तिने ती आया अशी उभी केली, की विवेकसरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, लाइट कोण बघणार? दोन मुलांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला.

"शिडीवर कोण चढणार?" मागून कुणीतरी विचारलं.

"ज्याला पडायची भीती नाही तो," मी म्हणाले आणि चढलेसुद्धा. ओढणी कमरेला बांधली की शिडीला कळत नाही कोण चढतंय.

तालमी कॉलेजच्या सभागृहात दुपारच्या वेळी व्हायच्या. म्हणजे लाइट करण्याआधी अंधार करायचा, हे पहिलं काम. आम्ही खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, दारांना सतरंज्या टांगल्या. कुठूनतरी उन्हाची एक रेघ आत यायचीच. ती बुजवायला मी खळीचं भांडं घेऊन भिंतीभिंतीने फिरायची. अंधार करणं किती कष्टाचं असतं, हे त्या दिवसांत कळलं. आणि हेही कळलं की त्या कोऱ्या काळोखात आपण जेवढं दाखवू तेवढंच माणसं बघतात. केवढी सत्ता! एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात एवढी सत्ता दुसऱ्या कुणी दिली नसती.

तेलाचे रिकामे डबे कापून मी आत बल्ब बसवले. अब्बांनी जुने पंख्याचे रेग्युलेटर गोळा करून दिले, ते एका फळीवर ओळीने लावले. बटण फिरवलं की डब्यातला बल्ब हळूहळू जागा व्हायचा. दुकानात चालू-बंद एवढंच बघितलेलं. चालू आणि बंदच्या मधे एवढं मोठं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. घरी जाऊन मी अम्मीला अर्धा तास तेच सांगत बसले आणि तिची भाजी करपली.

पण सुनंदाचा चेहरा दिसेना.

पहिल्या तालमीला दिसेना, दुसऱ्या तालमीला दिसेना. आवाज यायचा, हात दिसायचे, घड्या दिसायच्या. चेहऱ्याच्या जागी एक सावट. आम्ही लाइट वाढवले. आमच्याकडे लाइट म्हणजे लख्ख अशी समजूत, आणि ती आली लग्नांतून. पंगतीत व्हिडिओवाला ज्याच्या तोंडावर झोत मारतो, तो माणूस घास हातात धरून पुतळा होतो. नवरी, नवरा, वरमाई, आचारी, सगळे एका रंगाचे, उकडलेल्या बटाट्यासारखे. तोच उजेड मी समोरून दोन्ही बाजूंनी मारला. मागचा पांढरा पडदा झगझगायला लागला आणि त्याच्यापुढे सुनंदा आणखीच काळी दिसायला लागली. कपाळ आणि नाक तेवढं चकाकायचं.

दुकानात मी कुरकुर केली तेव्हा अब्बा हातातली तार न सोडता म्हणाले, "ज्यादा करंट दिया तो मोटर तेज नै चलती, बेटा. जलती." मग थोडं थांबून, "पहले देख. फिर जला."

मला राग आला. बघतेच आहे की, अजून काय बघू!

शनिवारी विवेकसरांनी मला बाजूला घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. नाटकावर जीव होता त्यांचा, म्हणूनच ते म्हणाले ते जास्त लागलं. "नसरीन, तिचा रंग उजेड घेत नाही. बुधवारपर्यंत बघू. नाही जमलं तर ते काम नर्सची भूमिका करणाऱ्या मुलीला देऊ. ती गोरी आहे, निदान दिसेल तरी."

सुनंदा दारातच उभी होती. तिने ऐकलं होतं. एसटी स्टँडपर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले. गाडी लागली तेव्हा ती म्हणाली, "आयला लई मिनत्या करून तयार केलंय गं मी. ऐन येचणीत एक दिस काम मोडून बघायला येते म्हनली हाय. आता तिला काय सांगू? माझं तोंड दिसत न्हाई म्हून काढलं, असं सांगू?"

माझ्या थोरल्या बहिणीचा स्थळांना दाखवायचा फोटो मला आठवत होता. स्टुडिओवाल्याने तिला एवढी गोरी केली होती, की बघायला आलेल्यांनी दारातच विचारलं, मुलगी कुठाय? ती त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बहीण त्या दिवशी रडली नाही, पण तिने तो फोटो फाडला. मला वाटतं, माझ्या डोक्यातली ही आग तिथलीच आहे आणि ती विझावी असं मला मुळीच वाटत नाही.

रविवारी दुपारी सुनंदाला भेटायला मी लिंबागणेशच्या गाडीत बसले. फाट्यावर उतरून त्यांच्या शेतापर्यंत चालत गेले. चार वाजत आले होते, ऊन कलतं होतं. समोर कापसाचं रान फुटलेलं आणि त्यात सहा-सात बायका आपापली पात धरून एका ओळीत पुढे सरकत होत्या. सगळ्यांची उन्हाकडे पाठ. मी समोरच्या बांधावर बसले आणि त्या माझ्याकडे तोंड करून वेचत वेचत येत राहिल्या.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मला सगळ्यांचे चेहरे दिसतायत. ऊन त्यांच्या पाठीवर होतं, म्हणजे चेहरे सावलीत होते. तरी भुवया दिसत होत्या, ओठांवरचा घाम दिसत होता, एकीच्या हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं. कुठून येत होता हा उजेड? मी उठून उभी राहिले. समोर फुटलेली बोंडं होती, पोटाशी बांधलेली कापसाची ओटी होती. पाठीमागचं ऊन पुढच्या कापसावर पडत होतं आणि कापूस ते वर, चेहऱ्यांवर परत फेकत होता. कडेने खांद्याला आणि गालाला सोन्यासारखी किनार, आणि चेहऱ्यावर हा मऊ, खालून आलेला उजेड. त्यात सुनंदा होती. तिचा रंग उजेड घेत नाही म्हणे! ती काळीच होती, आणि इतकी स्पष्ट, इतकी देखणी दिसत होती की मला हसू फुटलं.

"कावून हासतीस गं येड्यावानी?" तिने लांबून विचारलं.

"तुम्ही सगळ्या उन्हाकडे पाठ करून का वेचता?"

उत्तर तिच्या आईने दिलं, हात न थांबवता. "उन्हाकडं तोंड करून कोन येचतंय, पोरी? डोळं दिपत्यात. बोंडातला पाला दिसत न्हाई, मग कापूस घान होतो. पाठ भाजली तर भाजू दे, हाताखालचं दिसलं पायजे."

आणि मला तालमी आठवल्या. लाइट लागला की सुनंदा दुसऱ्या वाक्याला हळूच खांदा फिरवायची आणि झोताकडे पाठ करून चादरीवर वाकायची. कुणी शिकवलेलं नव्हतं, सातव्या-आठव्या वर्षापासून अंगात मुरलेलं होतं. हातात काम आलं की उजेडाकडे पाठ. आम्ही इतके दिवस तिच्या पाठीवर लाइट मारत होतो आणि दोष तिच्या कातडीला देत होतो. अब्बा म्हणाले होते, पहले देख. मी बघितलंच नव्हतं. मीही त्यांच्यातलीच, रंगच बघत बसले होते.

घरी चहा झाला. पुढची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली, माणसं ओसरीवर. भिंतीवर सुनंदाच्या आईचा लग्नातला फोटो होता, त्यात एक गुलाबी गालांची बाई मुंडावळ्या बांधून बसली होती. मी फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघायला लागले तशी ती पदराआड हसली. "त्येच तर. ती बाई कोन हाय ते मला आजून उमगलं न्हाई. मालकाला इचारलं, ते म्हनले मला बी म्हाईत न्हाई." सगळे हसले, मीही हसले. परतीच्या गाडीत मात्र बहिणीचा फाडलेला फोटो डोळ्यांपुढे आला.

सोमवारी मी समोरचे दोन्ही झोत काढून टाकले. पांढरा पडदा उतरवला आणि अब्बांच्या दुकानातली जुनी मातकट ताडपत्री मागे टांगली. मागून एका कडेने, उंचावर, पिवळसर कागद लावलेला एक डबा बांधला. ते चारचं ऊन. समोरून अगदी थोडा उजेड, चुलत्याने नुसती विचारपूस करावी एवढाच. आणि तालमीत वापरत होतो त्या हिरव्या चादरी रद्द करून अम्मीच्या पेटीतल्या चार पांढऱ्या शुभ्र चादरी आणल्या. अम्मीला अजून वाटतं त्या धोब्याने हरवल्या.

"तिला नीट समोर बघायला शिकव ना," विवेकसर म्हणाले.

"ती नीटच बघते सर. लाइट चुकीच्या जागी होता."

सुनंदाला मी फक्त एवढंच सांगितलं, पाठीला ऊन लागलं की समज तू जागेवर आहेस. ती म्हणाली, "हे सोपं हाय." इतर पात्रांना उजेडात उभं राहायला शिकवताना मी खडूच्या खुणा करून करून थकले होते. ही बाई पाठीने उजेड ओळखायची, एकदाही चुकली नाही. बुधवारी सर मागच्या खुर्चीवर बसून बघत राहिले. संपल्यावर म्हणाले, "दिसते." बाकी काही नाही. सुनंदा विंगेत माझा हात धरून उड्या मारत होती.

स्पर्धा सकाळी अकराची, बीडच्याच नाट्यगृहात. मी लाइट बांधून, रेग्युलेटरची फळी तपासून मेकअपच्या खोलीत डोकावले तर सुनंदा खुर्चीत डोळे मिटून बसली होती आणि मेकअपवाला तिच्या चेहऱ्यावर गुलाबी थर देत होता. अर्धा चेहरा झाला होता. मान तिची स्वतःची, वरचा अर्धा चेहरा भलत्याच कुणाचा तरी. तो भिंतीवरचा फोटो मला आठवला.

"हे काय?" मी ओरडलेच.

विवेकसर तिथेच होते. "थोडासाच, नसरीन. स्पर्धा आहे. परीक्षकांना बरं वाटतं. आणि मेकअप हे तुझं काम नाही."

"सर, मी लाइट त्या चेहऱ्यावर बांधलाय, या चेहऱ्यावर नाही. खालून उजेड आला की हा थर चुन्यासारखा दिसेल. आणि दिसला नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं."

सरांचा चेहरा उतरला. पहिली घंटा झाली. तेव्हा सुनंदाने डोळे उघडले, आरशात एकदा नीट बघितलं आणि खुर्चीवरून उठली.

"सर, तोंड माझं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती बाहेरच्या नळावर गेली, खसाखसा तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि तशीच विंगेत जाऊन उभी राहिली.

पडदा उघडला. मी रेग्युलेटर सावकाश फिरवला आणि ताडपत्रीपुढे चारचं ऊन पडलं. सुनंदा आली, चादर उचलली, खांदा फिरवला आणि उजेडाकडे पाठ करून उभी राहिली. मग तिने ती चादर दोन्ही हातांनी झटकून उघडली, आणि चादरीतून उजेड वर आला, तिच्या हनुवटीवर, ओठांवर, डोळ्यांत. शेवटच्या रांगेतही कुणी खोकलं नाही. ती बोलत राहिली, घडी घालत राहिली. घडी लहान होत जाईल तसा चेहरा हळूहळू विझायचा, नवी चादर उघडली की परत पेटायचा. हे मी ठरवलं नव्हतं. ते तिच्या हातांनी केलं. फळीवर हात ठेवून मी रडत होते आणि बटण सोडता येत नव्हतं म्हणून नाक पुसता येत नव्हतं.

आम्हाला प्रकाशयोजनेचं बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी मंचावरून सांगितलं, "प्रकाश थोडा वाढवला असता तर नायिकेचा चेहरा अधिक उजळला असता." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. आजही ते परीक्षक समोर आले तर मी त्यांना विचारीन, उजळून काय करायचं होतं? दिसला ना? मग झालं.

पण त्याआधी, नाटक संपल्या संपल्या, सुनंदाची आई विंगेच्या दारात आली होती. पहाटे कापसात हात घालून मग गाडी धरलेली. केसांत कापसाचे धागे तसेच. लेकीकडे न जाता ती आधी माझ्याकडे आली. माझ्या डब्यांकडे, वायरींकडे तिने बघून घेतलं आणि म्हणाली, "दहाव्या रांगेत बसलते. तिथनं बी माझी पोर वळखू आली." मग तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. वेचणीने चिरलेली ती बोटं माझ्या गालाला खरखरीत लागली.

याच्यापुढे मला कुणाच्या बक्षिसाचं काय? शिकायला मी नंतर पुष्कळ शिकले. पुस्तकं वाचली, मोठ्या शहरात राहून मोठ्या लोकांच्या हाताखाली काम केलं, डबे जाऊन चांगले लाइट आले. कोन, तीव्रता, रंग, सगळं शास्त्र आहे आणि ते आलंच पाहिजे. पण ज्या पुस्तकातला नमुन्याचा चेहरा गोरा असतो, त्या पुस्तकातल्या आकृतीवर मी पेन्सिलने बांधावरून बघितलेलं ते रान काढून ठेवते. अब्बा गेले. दुकानाची पाटी तीच आहे. खाली मी लाइटची एक ओळ वाढवली. सुनंदा आता शिरूर कासारला अंगणवाडीत आहे. तिच्या पोरांचं नाटक भर दुपारी अंगणात होतं आणि पांढऱ्या चादरी अजून लागतात.

काल संध्याकाळी मी तिला त्या दिग्दर्शकाच्या फोनचं सांगितलं. ती तिकडून खदाखदा हसली. "आजून तेच व्हय? मग तू काय म्हनलीस?"

"अजून काही नाही."

"कावून? घाबरलीस का?"

आज सकाळी दुकान उघडलं. परवा काढलेला कापसाचा पुंजका समोरच्या फळीवर ठेवला, त्या जुन्या रेग्युलेटरच्या फळीवर. आणि फोन लावला.

"हं, ताई, करताय ना?" त्याने विचारलं. "त्या मुलीचं काय मग? मेकअपवाल्याला दोन शेड वर घ्यायला सांगू का?"

"लाइट मी करते," मी म्हणाले. "तिला तालमीला पाठवा. तोंड धुऊन पाठवा."